नदीचे पाणी घटते तेव्हा : कावेरीकाठचे वन आणि पुराचा ताल

१. कोरड्या प्रदेशातील हिरवा पट्टा

म्हैसूरच्या आसमंतात वर्षाकाठी सरासरी सुमारे ८० सेंटिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसावर माळरानात काटेरी झुडपे आणि उन्हाळ्यात पाने गाळणारी मध्यम उंचीची झाडे वाढू शकतात; उंच व घनदाट वन वाढू शकत नाही. तरीही ह्याच प्रदेशातून वाहणाऱ्या कावेरी नदीच्या काठी गेल्यास अगदी वेगळे दृश्य दिसते. जेथे कालव्याचे पाणी पोहोचत नाही तेथील माळ मार्च-एप्रिलमध्ये करपलेला असतो. पण त्यापासून काही शे पावलांवर, नदीच्या कडेला, पांढुरक्या सालीचे प्रचंड अर्जुनवृक्ष, करंज, जांभूळ, उंबर आणि बांबूची बेटे ह्यांची दाट सावली असते.

पाऊस दोन्ही ठिकाणी सारखाच पडतो. माती थोडी निराळी असली तरी तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. मग हे वन कोणत्या पाण्यावर जगते? उत्तर सोपे आहे: ते नदीच्या पाण्यावर जगते. परंतु 'नदीच्या पाण्यावर' म्हणजे नेमके कसे, हे समजून घेतल्याशिवाय नदीचा प्रवाह घटल्यावर अशा वनाचे काय होते, ह्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. प्रस्तुत पाठात हाच विषय कावेरीच्या उदाहरणाने समजून घ्यावयाचा आहे.

२. पूरमैदान आणि त्याखालचे कोठार

पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहते व कधी कधी काठ ओलांडून आजूबाजूच्या सखल जमिनीवर पसरते. तेथे तिचा वेग मंदावतो आणि पाण्याबरोबर आलेला गाळ खाली बसतो. वर्षानुवर्षे असे थर साचून जी सपाट जमीन तयार होते तिला पूरमैदान म्हणतात. आपल्याकडील शेतकरी तिला मळई म्हणून ओळखतो. पूर ओसरल्यावर त्या ओल्या गाळात पेरणी करण्याच्या रीतीला गाळपेर असे नावच आहे. शेतकरी ह्या जमिनीत जे काही वर्षांपासून करीत आला, ते वनस्पती त्याच्याही फार पूर्वीपासून करीत आल्या आहेत.

पुराचे पाणी वरून वाहून जाते, तसेच ते आडव्या दिशेने काठाच्या मातीतही झिरपते. वाळू आणि गाळ ह्यांच्या थरांतील पोकळ्या पाण्याने भरतात. पूर ओसरला की हेच पाणी हळूहळू पुन्हा नदीकडे झिरपू लागते. म्हणून नदीचा काठ हे एक कोठारच होय. पावसाळ्यात नदी ते भरते आणि उन्हाळ्यात काठ ते नदीला परत करतो. काठावरच्या मोठ्या झाडांची मुळे ह्या कोठारापर्यंत पोहोचलेली असतात. म्हणूनच वैशाखातही ती हिरवी राहतात.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. हे कोठार किती भरेल, हे पूर किती उंच आला आणि किती दिवस टिकला ह्यावर अवलंबून असते. ते किती वेगाने रिकामे होईल, हे नदीची पातळी किती वेगाने उतरते ह्यावर अवलंबून असते. नदीतून वर्षभरात एकूण किती पाणी गेले, एवढीच माहिती येथे पुरी पडत नाही.

३. दोन वृक्ष, दोन रीती

कन्नड भाषेत अर्जुनवृक्षाला 'होळेमत्ती' म्हणतात. 'होळे' म्हणजे नदी आणि 'मत्ती' म्हणजे ऐन. म्हणजे हा नदीकाठचा ऐन होय. मराठीतही त्याला अर्जुनसादडा म्हणतात, आणि ऐनालाच सादडा हे दुसरे नाव आहे. दोन्ही भाषांतील लोकांनी ह्या झाडाचे कूळ अचूक ओळखले. वनस्पतिशास्त्रही ऐन व अर्जुन ह्यांना एकाच प्रजातीत घालते.

अर्जुनाच्या फळाला लांबीच्या दिशेने पाच कडक पंख असतात. ही फळे उन्हाळ्यात पिकतात आणि झाडाखाली व काठावर गळून पडतात. ती पाण्यावर तरंगू शकतात. जूनपासून नदी चढू लागली की ती फळे उचलते, दूर नेते आणि पूर ओसरताना ओल्या गाळावर ठेवून देते. करंजाच्या चपट्या शेंगाही अशाच तरंगत जातात. अशा झाडांच्या बाबतीत पूर हाच पेरणी करणारा असतो.

वाळुंज ह्या झाडाची रीत वेगळी आहे. त्याचे बी अत्यंत बारीक असून त्याला कापसासारखे तंतू असतात. ते वाऱ्याने उडते आणि पाण्यानेही वाहते. परंतु त्याची रुजण्याची शक्ती थोडे दिवसच टिकते. पूर ओसरल्यानंतर उघड्या पडलेल्या, सावली नसलेल्या आणि अद्याप ओल्या असलेल्या गाळावर ते वेळेत पडले तरच त्यातून रोप उगवते. म्हणजे अर्जुनाला चढता पूर हवा, तर वाळुंजाला नुकताच उघडा पडलेला ओला काठ हवा.

रोप उगवले तरी त्याची परीक्षा संपत नाही. काठाखालच्या पाण्याची पातळी उतरू लागते, आणि तिच्यामागोमाग रोपाच्या मुळाला खाली खाली जावे लागते. पातळी सावकाश उतरली तर मूळ तिला गाठते. झपाट्याने उतरली तर मूळ मागे पडते आणि रोप वाळून जाते. उत्तर अमेरिकेतील नदीकाठच्या पॉपलर वृक्षांवर शास्त्रज्ञांनी ह्याचे मोजमाप केले आहे. पाण्याची पातळी दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटरपर्यंत उतरत असेल तर त्या वृक्षांची रोपे तग धरू शकतात. त्याहून फार वेगाने उतरली तर ती मरतात. कावेरीकाठच्या प्रत्येक झाडाला हाच आकडा लागू पडेल असे नाही. पण तत्त्व तेच आहे.

आपल्या शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. यंदा पाऊस किती इंच झाला ह्यापेक्षा मृग वेळेवर बरसला का आणि पेरणीनंतर उघडीप किती दिवस राहिली, हे तो अधिक काळजीने विचारतो. नदीकाठच्या वनाचेही असेच आहे.

४. प्रवाह घटणे म्हणजे काय?

'नदीचा प्रवाह घटला' असे आपण एका शब्दात म्हणतो. परंतु त्यात निदान चार निरनिराळे बदल असू शकतात.

पहिला बदल म्हणजे वर्षाचे एकूण पाणीच कमी होणे. अवर्षणामुळे, किंवा पाणी कालव्यांतून दुसरीकडे नेल्यामुळे असे होते.

दुसरा बदल म्हणजे पुराची उंची कमी होणे. मोठे धरण पुराचे पाणी अडवून ठेवते. एकूण पाणी फारसे कमी झाले नाही तरी ते काठ ओलांडत नाही. मग उंचावरील पूरमैदानाला पाणी मिळत नाही व गाळही मिळत नाही.

तिसरा बदल वेळेचा. पावसाळ्यात यावयाचे पाणी धरणात राहते आणि सिंचनासाठी दुसऱ्याच महिन्यांत सोडले जाते.

चौथा बदल उतरण्याच्या वेगाचा. धरणाचे दरवाजे उघडले की नदी काही तासांत चढते आणि बंद केले की तितक्याच झपाट्याने उतरते. मूळच्या नदीत हे उतरणे कित्येक आठवडे चालत असे.

ह्यांपैकी पहिला बदल सर्वांच्या नजरेस येतो. बाकीचे तीन सहसा येत नाहीत, कारण पात्रात पाणी दिसत असते.

५. वृक्ष कसा थकतो

पानांतून पाण्याची वाफ होऊन ती हवेत जाते आणि त्या ओढीने मुळांकडून पानांपर्यंत पाण्याचे अखंड धागे वर चढत असतात. खोडातील सूक्ष्म नळ्यांमधून हे धागे जातात. मुळांपाशी पाणी कमी पडले तर धाग्यावरील ताण वाढतो; तो फार वाढला तर धागा तुटून नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. ती नळी मग निरुपयोगी होते. अशा पुष्कळ नळ्या बंद पडल्या की झाडाच्या टोकाकडील फांद्या प्रथम वाळतात. शेंडा वाळलेला आणि खाली पालवी असलेला मोठा वृक्ष नदीकाठी दिसला, तर त्याचे एक कारण हे असू शकते. कोरड्या माळावरील झाडांच्या नळ्या असा ताण सोसण्यास अधिक समर्थ असतात. नदीकाठच्या अनेक झाडांना मात्र आयुष्यभर पाण्याची सवय झालेली असल्यामुळे त्यांची सोसण्याची मर्यादा लवकर येते.

परंतु मोठा वृक्ष सहजासहजी मरत नाही. खोल गेलेल्या मुळांच्या आधाराने तो अनेक दशके उभा राहतो. येथेच पाहणाऱ्याची फसगत होते. वन उभे दिसते, सावली तीच असते, पक्षीही असतात. परंतु त्या वृक्षांखाली गुडघ्याएवढी, कमरेएवढी, पुरुषभर उंचीची झाडे शोधू लागावे तर सापडत नाहीत. ज्या गावातील तरुण माणसे निघून गेली आणि केवळ म्हातारी माणसे उरली, ते गाव आज नांदते दिसले तरी त्याचे पुढे काय होणार हे सांगावे लागत नाही. पाण्याचा ताल बिघडल्याचा पहिला आघात रोपांवर होतो, आणि तो मोठ्या वृक्षांवर दिसू लागेपर्यंत एक माणूसपिढी उलटून जाते. म्हणून नदीकाठच्या वनाची प्रकृती उंच शेंड्यांवरून नव्हे, तर लहान रोपांवरून ओळखावी.

ह्याच्या उलट, पाणी सतत एकाच उंचीवर राहणेही घातक असते. मुळांना श्वसनासाठी हवा लागते. पूर काही दिवस टिकून ओसरला तर ती गुदमरत नाहीत. वर्षभर पाण्याखाली राहिली तर कुजतात. ह्याच कारणाने मोठ्या जलाशयाला काठ असूनही काठचे वन नसते. त्याची पातळी पावसाळ्याअखेर सर्वांत उंच असते आणि उन्हाळ्यात कित्येक मीटर खाली जाते. त्या उघड्या, चिखलट उतारावर वृक्ष मूळ धरू शकत नाहीत.

६. कावेरीवरील बंधारे आणि धरणे

कावेरी कोडगूच्या डोंगरांत तळकावेरी येथे उगम पावते आणि सुमारे ८०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या काठी शेती फार जुनी आहे व पाणी अडविण्याची कलाही जुनी आहे. श्रीरंगपट्टणाजवळ १६४५ ते १६४८ ह्या काळात कंठीरव नरसराज वडेयर ह्यांच्या अमदानीत नदीवर दगडी बंधारा बांधण्यात आला. त्यामुळे पात्रातील उंचवटे पाण्याने वेढले जाऊन लहान लहान बेटे झाली. त्या बेटांवर अर्जुन, बांबू व केवडा ह्यांची दाटी झाली आणि पाणपक्षी तेथे घरटी करू लागले. हेच रंगनतिट्टू. डॉ. सलीम अली ह्यांच्या आग्रहावरून म्हैसूर संस्थानाने १९४० मध्ये ते पक्ष्यांसाठी राखून ठेवले, आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. महाराष्ट्रातील वाचकांना गोदावरीवरील नांदूर मधमेश्वरची आठवण येईल. तेथेही बंधाऱ्यामुळेच पक्ष्यांचे आश्रयस्थान निर्माण झाले, आणि २०२० मध्ये ते त्याच यादीत आले.

तेव्हा पाणी अडविले म्हणजे वनाचा नाश झालाच, असे मानण्याचे कारण नाही. बुटका बंधारा उन्हाळ्यात थोडे पाणी धरून ठेवतो. पण पावसाळ्यात पूर त्याच्यावरून ओसंडून जातो. नदीचा ताल तो फारसा बिघडवीत नाही. मोठ्या धरणाचे कार्य मुळातच वेगळे असते. पूर साठवून ठेवणे हाच त्याचा हेतू असतो.

कावेरीवर असे पहिले मोठे धरण म्हणजे कन्नंबाडी येथील कृष्णराजसागर. म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता व पुढे दिवाण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांच्या योजनेनुसार १९११ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि १९३१-३२ च्या सुमारास ते पूर्ण झाले. शिवनसमुद्र येथे १९०२ पासून वीज तयार होऊन ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविली जात होती. त्या केंद्राला उन्हाळ्यातही पाणी मिळावे आणि मंड्याच्या कोरड्या जमिनीला कालवा मिळावा, असे दोन हेतू ह्या धरणामागे होते. जलाशयात सुमारे ४९ अब्ज घनफूट पाणी मावते. वर्तमानपत्रांत ज्याला 'टी.एम.सी.' म्हणतात, ते माप म्हणजेच एक अब्ज घनफूट होय. पुढे खाली मेट्टूर येथे १९३४ मध्ये धरण झाले, आणि १९७० ते १९९० ह्या काळात कबिनी, हेमावती व हारंगी ह्या उपनद्यांवरही धरणे उभी राहिली.

ह्या धरणांनी लक्षावधी लोकांना अन्न, वीज व पिण्याचे पाणी दिले आहे. म्हैसूर आणि बंगळूर ही दोन्ही शहरे कावेरीचेच पाणी पितात. म्हणून धरण हवे की नको, असा प्रश्न येथे मांडावयाचा नाही. खालच्या काठावर त्यांचा परिणाम कसा होतो, एवढेच पाहावयाचे आहे.

रंगनतिट्टू कृष्णराजसागराच्या खाली थोड्याच अंतरावर असल्यामुळे तेथे हा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नाही. अशा वर्षी नदीला पूर येतच नाही. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या जुलैअखेर, धरण भरून वाहू लागले आणि सेकंदाला एक लाख घनफुटांहून अधिक पाणी सोडावे लागले. पहिल्या प्रकारच्या वर्षी बेटांभोवतीचे पाणी आटते आणि घरट्यांपर्यंत पोहोचणे कुत्र्यांना व माणसांना सोपे होते. दुसऱ्या प्रकारच्या वर्षी काठ खचतात व खालच्या फांद्यांवरील घरटी वाहून जातात. पूर्वी ह्या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ साधारण पूर येत असत. वनाला उपयोगी असतात ते हेच साधारण पूर. मोठे धरण नेमके तेच गिळून टाकते. फार मोठा पूर मात्र त्यालाही अडविता येत नाही.

७. गाळ, वाळू आणि परके तण

प्रवाहाबरोबर आणखीही काही बदलते. जलाशयात पाणी स्थिर झाले की गाळ तळाशी बसतो. दरवाज्यांतून बाहेर पडणारे पाणी बरेचसे निर्मळ असते; त्याला वाहून नेण्यास गाळ नसल्यामुळे ते खालचा तळ व काठ खरवडते. पात्र खोल गेले की काठाखालच्या पाण्याची पातळीही खाली जाते. बांधकामासाठी पात्रातील वाळू उपसल्यानेही हाच परिणाम होतो.

पूर येईनासा झाला की पूरमैदान सुरक्षित वाटू लागते. मग नांगर अगदी काठापर्यंत येतो आणि जुनी झाडे तोडली जातात. पूर्वी दरवर्षीच्या पुराने उपटून नेले जाणारे तण आता टिकून राहते. घाणेरी व वेडी बाभूळ ह्यांसारख्या परदेशी वनस्पती कोरड्या झालेल्या काठावर पसरतात. संथ पाण्यावर जलपर्णी माजते.

म्हणून एखाद्या ठिकाणी काठचे वन विरळ झालेले दिसले, तर त्याचा सगळा दोष घटलेल्या प्रवाहावर टाकणे शास्त्रीय होणार नाही. कुऱ्हाड, गुरे, वाळूउपसा, तण आणि पाणी ह्या सर्व कारणांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. पण एवढे खरे, की पाण्याचा ताल शाबूत असलेले वन तुटल्यावर पुन्हा वाढते. ताल बिघडलेले वन कुंपण घालूनही वाढत नाही.

८. ह्या वनावर कोण जगते?

पूरमैदानातील वन अरुंद असते, परंतु त्याचे महत्त्व त्याच्या रुंदीवरून मोजता येत नाही. रंगनतिट्टूच्या बेटांवर चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, चमचे, शराटी, बगळे व झोळीवाले घरटी करतात. शिवनसमुद्राच्या धबधब्याखाली कावेरी डोंगराळ प्रदेशातून वाहते. तेथे १९८७ मध्ये कावेरी वन्यजीव अभयारण्य स्थापन झाले. तेथील नदीकाठच्या उंच झाडांवर राखी रंगाची मोठी खार राहते. महाराष्ट्रातील शेकरूची ही जवळची नातलग. एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर जाता येईल अशी सलग झाडी तिला लागते. मध्ये चार झाडे वाळून पडली, तर तिच्या दृष्टीने वाटच तुटली. पाण्यात ऊद, मगर व महसीर मासा आहेत. काठाच्या मुळांमधील कपारी उदांना निवारा देतात, आणि पाण्यावर पडणारी फळे व कीटक माशांचे अन्न होतात.

माणसालाही ह्या वनाचा थेट उपयोग आहे. मुळांचे जाळे काठाची माती धरून ठेवते, शेतातून वाहत येणारा गाळ व खते काही अंशी अडविते आणि पुराचा वेग कमी करते. काठचे वन गेले की नदी शेतकऱ्याची जमीन नेऊ लागते.

९. इतर देशांचा अनुभव

ऑस्ट्रेलियातील मरे नदीच्या काठी नीलगिरीच्या कुळातील 'रिव्हर रेड गम' नावाच्या वृक्षांची अफाट वने आहेत. त्यांपैकी बार्मा-मिलेवा हे वन सुमारे ६६,००० हेक्टर पसरलेले आहे. मूळच्या नदीला हिवाळ्यात व वसंतात पूर येई आणि उन्हाळ्यात ती उतरत असे. १९३६ मध्ये ह्यूम धरण पूर्ण झाल्यावर हिवाळा-वसंताचे पाणी साठवून उन्हाळ्यात सिंचनासाठी सोडले जाऊ लागले. म्हणजे ताल उलटा झाला. १९३९ च्या यारावोंगा बंधाऱ्याच्या जलाशयात तर कायम बुडालेले वृक्ष मरून त्यांचे सांगाडे आजही पाण्यात उभे आहेत. म्हणजे एकाच नदीवर काही वृक्ष पाण्यावाचून थकले आणि काही पाण्यात गुदमरले. १९९७ ते २००९ ह्या दीर्घ अवर्षणात दूरवरची वने वाळू लागली, तेव्हा तेथील शासनांनी वनांसाठी पाणी राखून ठेवण्यास आरंभ केला. २००७ चा जलकायदा आणि २०१२ चा खोरे-आराखडा ह्यांत ह्या धोरणाला कायद्याचे रूप मिळाले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील नेवाडा राज्यातील ट्रकी नदीचे. १९०५ मध्ये डर्बी धरणाने तिचे पाणी शेतीकडे वळविले आणि खालच्या काठावरील पॉपलरची वने क्षीण होत गेली. १९८० नंतरच्या दशकात 'कुई-उई' नावाच्या दुर्मिळ माशाच्या विणीसाठी वसंतात अधिक पाणी सोडण्यात आले. हेतू माशापुरताच होता. परंतु पाणी योग्य वेळी आल्यामुळे काठावर पॉपलरची रोपे मोठ्या संख्येने उगवली. पुढे पाणी सोडताना ते हळूहळू कमी करण्याची काळजी घेण्यात आली व नवे वन उभे राहिले. धरण पाडावे लागले नाही. दरवाजे केव्हा व कसे मिटावयाचे, एवढेच बदलावे लागले.

१०. कावेरीच्या वाटपात वनाचा हिस्सा

कावेरीच्या पाण्यावरून दीर्घकाळ वाद झाले, हे सर्वश्रुत आहे. १८९२ व १९२४ चे करार, १९९० मध्ये नेमलेला लवाद, त्याचा २००७ चा निवाडा आणि २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, हे त्यांतील मुख्य टप्पे होत. अंतिम वाटपात खोऱ्यातील पाणी ७४० अब्ज घनफूट धरले आहे. त्यातील ४०४.२५ तामिळनाडूला, २८४.७५ कर्नाटकाला, ३० केरळला आणि ७ पुदुच्चेरीला आहे. उरलेल्या १४ पैकी १० अब्ज घनफूट पर्यावरणाच्या रक्षणासाठी आणि ४ समुद्रात अपरिहार्यपणे जाणाऱ्या पाण्यासाठी धरले आहेत. म्हणजे पर्यावरणाचा वाटा शेकडा दीडाहूनही कमी आहे.

आता थोडे गणित करू. १० अब्ज घनफूट पाणी वर्षभर सारखे सोडले तर सेकंदाला सुमारे ३१७ घनफूट एवढीच धार होईल. कावेरीसारख्या रुंद पात्रात ती तळाशीच राहील. तेच पाणी २० दिवसांत सोडले तर सेकंदाला सुमारे ५,७८७ घनफूट होईल. पाणी तेवढेच, परंतु परिणाम अगदी भिन्न. स्वतंत्र पूर आणण्यास तेही अपुरे आहे. मात्र पावसाळ्याच्या शेवटी नैसर्गिक पूर ओसरत असताना ते त्याच्या मागे जोडले, तर नदीचे उतरणे सावकाश होईल आणि रोपांच्या मुळांना पाण्याबरोबर खाली जाण्यास अवधी मिळेल.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार साधारण पावसाच्या वर्षी कर्नाटकाने आंतरराज्य सीमेवरील बिळिगुंडलू येथे १७७.२५ अब्ज घनफूट पाणी पोहोचते करावयाचे असते. त्याचे महिनेही ठरलेले आहेत: ऑगस्टात ४५.९५, सप्टेंबरात ३६.७६, ऑक्टोबरात २०.२२, नोव्हेंबरात १३.७८, आणि फेब्रुवारी ते मे ह्या चार महिन्यांत दरमहा २.५. ह्या शेवटच्या चार महिन्यांची बेरीज १० होते. उन्हाळ्यातील ही धार मासे, ऊद आणि काठची ओल ह्यांना नक्कीच उपकारक आहे. परंतु रोपांचे भवितव्य ठरते ते सप्टेंबर ते नोव्हेंबर ह्या उतरत्या काळात. आणि त्या काळातील पाणी तर खालच्या शेतीसाठी तसेही नदीतूनच जावयाचे असते. महिन्याचा आकडा दोन-चार मोठ्या झटक्यांत पुरा करता येतो, तसाच तो रोज थोडा थोडा कमी होणाऱ्या प्रवाहानेही पुरा करता येतो. पहिल्या रीतीने रोपे मरतात, दुसरीने जगतात. आणि शेतकऱ्याच्या वाट्यातील एक थेंबही कमी होत नाही.

अवर्षणाच्या वर्षी हा मार्ग पुरा पडणार नाही, हे मान्य केले पाहिजे. माणसे पिण्याच्या पाण्यासाठी रांगेत उभी असताना वनासाठी पूर सोडा असे कोणी म्हणणार नाही. सुदैवाने वृक्षांची गरज तशी नसते. दीर्घायुषी झाडांना दरवर्षी नवी रोपे लागत नाहीत; काही वर्षांतून एकदा चांगली पिढी उगवून टिकली तरी वन चालू राहते. म्हणून भरपूर पावसाच्या वर्षी, जेव्हा पाणी सोडावेच लागते, तेव्हा ते कसे सोडावे ह्याकडे लक्ष देणे हाच ह्या प्रश्नाचा सर्वांत स्वस्त उपाय होय. चांगले वर्ष वाया गेले तर मात्र पुढच्या चांगल्या वर्षाची वाट किती काळ पाहावी लागेल, हे कोणासही सांगता येत नाही, आणि जुने वृक्ष अनंतकाळ थांबू शकत नाहीत.

११. विद्यार्थ्यांनी करून पाहावयाची निरीक्षणे

प्रत्येक शाळेजवळ कावेरी नसते. पण एखादी नदी, निदान ओढा, बहुतेक ठिकाणी असतोच. शिक्षकांच्या देखरेखीखाली, पूर नसताना, पुढील निरीक्षणे करता येतील.

(१) काठावरील पन्नास पावलांच्या पट्ट्यात कोणती झाडे आहेत त्यांची यादी करावी, आणि तेवढाच पट्टा काठापासून दूर माळावर घेऊन दोन्ही याद्यांची तुलना करावी.

(२) एकाच जातीच्या झाडांचे चार गट करावेत: गुडघ्याखालील, कमरेएवढी, पुरुषभर उंचीची आणि मोठी. प्रत्येक गटात किती झाडे आहेत ते मोजावे. मधले दोन गट रिकामे असतील तर त्याचा अर्थ काय, ह्याची वर्गात चर्चा करावी.

(३) शेंडा वाळलेल्या मोठ्या झाडांची संख्या लिहून ठेवावी व दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजावी.

(४) काठाजवळच्या विहिरीतील पाण्याची पातळी ऑक्टोबर ते मे दर आठवड्याला मोजून तिचा आलेख काढावा. नदीची पातळी आणि विहिरीची पातळी ह्यांचा संबंध त्यातून दिसेल.

(५) गावातील वृद्ध माणसांना पूर्वी पूर कोठपर्यंत येत असे ते विचारावे आणि त्या जागा नकाशावर दाखवाव्यात.

अशा नोंदी एका वर्षात फारसे सांगत नाहीत. दहा वर्षांच्या झाल्या की त्या मौल्यवान ठरतात. शाळेच्या कपाटात जपून ठेवलेली अशी एक वही पुढील पिढीच्या विद्यार्थ्यांना दाखवून देईल, की त्यांच्या नदीकाठचे वन नुसते उभे होते, की खरोखर जगत होते.